शिंपी परत का आला?

प्रश्न : मी आणि माझा मुलगा रात्री जेवताना 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' ही अवकाश स्थानकावरची जुनी इंग्रजी मालिका बघत होतो. गेल्या आठवड्यात सातही पर्वं संपली. मुलगा कप्तान सिस्कोचा भक्त. मी मात्र गॅरक नावाच्या शिंप्याची आणि नॉग या पोराची वाट बघायचे. हा शिंपी पहिल्या पर्वात एकदाच दिसतो आणि गायब होतो, दुसऱ्या पर्वात परत हजर, आणि शेवटी तर भर युद्धात! अशा पात्रांचं हे सगळं आधीच ठरलेलं असतं का? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : नसतं. निदान बहुतेकांचं तरी नसतं, आणि हे मी दुधाने तोंड पोळलेली बाई म्हणून सांगतेय.

मी बावीस वर्षं परदेशी मालिकांचे हिंदी संवाद लिहिले. नौपाड्यातून निघायचं, दादरला पूल ओलांडून अंधेरीची गाडी धरायची आणि दिवसभर काचेच्या खोलीत बसून परक्या ओठांवर आपले शब्द बसवायचे. 2004च्या सुमाराची गोष्ट. एका अवकाश मालिकेत यानाच्या कोपऱ्यात बसणारा पोरगेलासा तंत्रज्ञ होता. वाक्यं दोनच, "सर, सिग्नल मिला" आणि "सर, सिग्नल गया." संध्याकाळचे सात वाजलेले. असे फुटकळ आवाज देणारा आमचा कलाकार विरार गाडीसाठी पळालेला. दारात चहाची किटली घेऊन दिघ्याचा एक मुलगा उभा होता, त्यालाच माइकसमोर उभं केलं. त्याने दोन्ही वाक्यं एका दमात म्हटली, त्याला पन्नास रुपये दिले, विषय संपला.

आठ महिन्यांनी पुढच्या भागांच्या टेपा आल्या. त्यातल्या एका भागात त्या तंत्रज्ञाची आई वारते आणि तो एकटा अडीच मिनिटं बोलतो. अडीच मिनिटं! आमचा मुलगा तोवर चहा सोडून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात कामाला लागलेला. शोधून काढला. बिचारा खाडा करून आला, पण वाचताना अडखळायचा. पडद्यावरचे ओठ मिटायचे तरी याचं वाक्य चालूच. नऊ टेक झाल्यावर साहेबांनी दुसरा आवाज घ्यायला लावला. मुलगा "चालेल मॅडम" म्हणाला आणि जाताना सवयीने रिकामे कप उचलून घेऊन गेला. आवाज बदललेला कुणाला कळला नाही. फक्त माझ्या कोपरखैरण्याच्या जाऊबाईंनी फोन केला, "त्या पोराचा घसा बसलाय का गं?" तेव्हापासून मी वही ठेवली. एका वाक्याच्या पात्रालाही तिच्यात वेगळं पान. कोण परत उगवेल सांगता येत नाही.

तिकडे लिहिणाऱ्यांना तरी कुठे सांगता येतं? 1987 साली 'स्टार ट्रेक'चीच आधीची मालिका 'द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात कोल्म मीनी हा नट यान चालवायला बसलाय, पण पात्राला नावसुद्धा नाही. दुसऱ्या पर्वात तो माणसांना क्षणात इकडून तिकडे पाठवणाऱ्या यंत्रामागे उभा राहिला आणि ओब्रायन झाला. पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि 1993मध्ये तुमच्या या मालिकेत तो थेट मुख्य नामावलीत जाऊन बसला. याच मालिकेतल्या वेयूनची, म्हणजे शत्रूपक्षाच्या त्या गोडबोल्या मुत्सद्द्याची, तर कमालच. 1996 साली आला आणि त्याच भागात मेलाही. पण ते करणाऱ्या जेफ्री कोम्ब्सचं काम सगळ्यांना इतकं आवडलं, की या जमातीच्या माणसाची हुबेहूब दुसरी प्रत काढता येते अशी सोय लावून त्याला पुढच्या पर्वात परत आणलं. मेलेल्याला जिवंत करायची सोय विज्ञानकथेत बरी असते. आपल्या कौटुंबिक मालिकांत त्यासाठी जुळा भाऊ शोधावा लागतो.

यात पैशाचाही भाग आहे. मुख्य कलाकार पर्वाच्या कराराने बांधलेले असतात, बाकीच्यांना भागागणिक बोलावतात. त्यामुळे शिंपी रोज दुकान उघडून बसलेला दिसणार नाही.

तुमच्या गॅरकचा पहिला प्रसंग पुन्हा लावून बघा. तो डॉक्टर बशीरच्या टेबलाशी येतो, गोड गोड बोलतो, आपण साधा माणूस असल्याचं सांगतो आणि निघताना मागून डॉक्टरच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवतो. बस्स. कपड्याचं माप घेतल्यासारखे ते हात. डॉक्टर तिथेच गार. गॅरक झालेल्या अँड्र्यू रॉबिन्सनने तेवढ्यात सांगून टाकलं, की हा माणूस शिंपी आहे आणि शिंपी नाही. असं काही हातून झालं की लेखक त्या नटाला सोडत नाही. दुसऱ्या पर्वात हा आपल्या हकालपट्टीची हकीकत तीनदा सांगतो, तिन्ही वेळा वेगळी. शेवटी डॉक्टर विचारतो, यातलं खरं काय? तर म्हणतो, सगळंच खरं, खोटं तर विशेष खरं. रॉबिन्सन या माणसात इतका गुंतला, की 2000 साली त्याने गॅरकच्याच तोंडून सांगितलेली एक कादंबरी लिहिली.

आणि नॉग! पहिल्या भागात चोरी करताना पकडलेलं पोरगं. पुढे स्टारफ्लीट या अवकाश दलात जाणारा तो फेरेंगी या परग्रही जमातीतला पहिलाच होतो, आणि सातव्या पर्वात लढाईत पाय गमावतो. दोनच भागांनंतरची कथा जवळजवळ पूर्ण त्याची आणि व्हिक फोंटेन या गायकाची, जो खरा माणूस नाही, प्रकाशाने उभी केलेली प्रतिमा आहे. दोघांचीही नावं मुख्य नामावलीत नाहीत, तरी भाग त्यांनी पेलला. नवा पाय बसवलाय, डॉक्टर म्हणतात दुखायचं काही कारण नाही, आणि हा काठी सोडायला तयार नाही. माझ्या मते सबंध मालिकेत याहून खरा भाग नाही. कप्तानाच्या भक्ताला तो परत दाखवा.

प्रश्न : वेयून आणि ब्रंट हा फेरेंगी ही दोन्ही कामं एकाच नटाने केलीत हे कळल्यावर फसवल्यासारखं वाटलं. (एक वाचक, कळवा)

उत्तर : फसवणूक कसली त्यात? रबराचे कान-नाक चढवून तासन्‌तास दिव्यांखाली उभं राहणं आणि वर अभिनय करणं सगळ्यांना जमत नाही. ज्याला जमतं त्याला पुन्हापुन्हा बोलावतात. 1999च्या एका भागात तर ही दोन्ही पात्रं आहेत. एकाचा आवाज लोण्यासारखा, दुसऱ्याचा पत्रा खरवडल्यासारखा. चाल जुनीच आहे म्हणा. 'स्टार ट्रेक'च्या अगदी पहिल्या मालिकेत मार्क लेनर्ड हा नट 1966 साली रोम्युलन या परग्रही जमातीचा सेनानी होता, 1967 साली तिच्यातल्या स्पॉक या मुख्य पात्राचा बाप झाला आणि 1979च्या चित्रपटात क्लिंगॉन या आणखी वेगळ्या जमातीचा. त्याने कुठे तक्रार केली?

प्रश्न : क्वार्कच्या बारमध्ये कायम बसलेला तो मॉर्न एकदा तरी बोलतो का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : सातही पर्वांत एक शब्दही नाही. बाकी सगळे मात्र सांगत असतात, की हा एकदा सुरू झाला की थांबत नाही. 1998मध्ये त्याच्या नावावर एक अख्खा भाग काढला, त्यातही तो गप्पच. माझ्या वाट्याला असं एक जरी पात्र आलं असतं, तर मीही कधीतरी सातची गाडी पकडली असती.