पिकअपवर ओझं न टाकता ऑप-अॅम्पला बायस कसा द्यावा

अनेक आशीर्वाद.

गिटारचा आवाज नीट येत नाही म्हणून तू दाखवलेलं सर्किट नीट पाहिलं. गिटारचा सिग्नल २२ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून टीएल०७२ च्या (सिग्नल मोठा करणाऱ्या ऑप-अॅम्प चिपच्या) ३ नंबरच्या इनपुट पिनवर येतो, आणि त्या पिनला दुसरं काहीच जोडलेलं नाही. आवाज कधी येतो, कधी फाटतो, कधी गायब होतो, ते यामुळेच. कपॅसिटर डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अडवतो. मग पिनचा व्होल्टेज ठरवणार कोण? इनपुटचा करंट पिकोअँपिअरमध्ये असला तरी त्याला वाट लागतेच. वाट नसली की पिन कुठेही भरकटते.

९ व्होल्टच्या एका बॅटरीवर सिग्नल साडेचार व्होल्टच्या आसपास खालीवर हलायला हवा. त्यासाठी १० किलोओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये एकापुढे एक लाव आणि त्यांच्या मधल्या बिंदूपासून ग्राउंडला ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दे. हा झाला संदर्भ व्होल्टेज. तिथून ३ नंबरच्या पिनपर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टर जोड. बायस, म्हणजे पिनला ठरलेला स्थिर व्होल्टेज देणं, एवढ्यानेच होतो.

मधला बिंदू थेट पिनलाच का जोडू नये, हा प्रश्न तुला पडेल. कपॅसिटरमुळे तो बिंदू सिग्नलसाठी ग्राउंडच असतो, त्यामुळे सिग्नल तिथेच संपेल. दुसरी सर्रास दिसणारी चूक म्हणजे १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर सरळ पिनवर लावणं. सिग्नलच्या दृष्टीने ते दोन्ही समांतर, म्हणजे पिकअपवर (गिटारच्या तारांची थरथर टिपणाऱ्या भागावर) ५० किलोओहमचा भार. त्यात तुझा २२ नॅनोफॅरड धरला तर १४५ हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं, आणि गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे. १ मेगओहमवर तोच कपॅसिटर ७ हर्ट्झपर्यंत मोकळा राहतो.

वरच्या स्वरांचं नुकसान याहून मोठं. पिकअप म्हणजे नुसता ७-८ किलोओहमचा रेझिस्टर नव्हे, ती कॉइल आहे. ३ हेन्रीची कॉइल आणि केबलसकट ६०० पिकोफॅरड धर. अनुनाद, म्हणजे सिग्नल जिथे सर्वांत उठून येतो ते शिखर, पावणेचार किलोहर्ट्झच्या आसपास येतो आणि तिथे कॉइलचा अडथळा ७० किलोओहम भरतो. गिटारची चमक त्या शिखरात असते. ५० किलोओहमचा भार ते शिखर सपाट करतो आणि आवाज घोंगडीखाली दडपल्यासारखा येतो. पुढे इक्वलायझरने ट्रेबल कितीही चढवला तरी ती चमक तशीच्या तशी परत येत नाही, म्हणून मी या एका रेझिस्टरवर इतकं लिहितो आहे.

मोठा रेझिस्टर म्हणजे जास्त खरखर, ही भीती सोड. गिटार जोडलेली असताना पिकअपचा कमी अडथळा त्या रेझिस्टरचा नॉइज दाबून टाकतो.

चिप बदलायचा विचार असेल तर सांभाळ. एनई५५३२ या दुसऱ्या ऑप-अॅम्पचा बायस करंट (इनपुट पिन ओढते तो) साधारण २०० नॅनोअँपिअर, जास्तीत जास्त ८०० असतो. १ मेगओहमवर म्हणजे ०.२ ते ०.८ व्होल्टची घसरण. टीएल०७२ सारख्या जेफेट इनपुटच्या (जवळजवळ करंट न ओढणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) चिपमध्ये ती नगण्य असते. पण टीएल०७२ लाही एक खोड आहे: इनपुट खालच्या सप्लायच्या तीनेक व्होल्ट जवळ आला की ती बिघडते, आणि आणखी खाली गेला की आउटपुट उलटा फिरतो. बॅटरी ७ व्होल्टवर आली की बायस साडेतीनवर येतो, आणि जोरात वाजवल्यावर कर्कश तडतड ऐकू येते. बॅटरी बदलून पाहिल्याशिवाय सर्किट उचकटू नकोस.

गेनसाठी, म्हणजे सिग्नल काही पट मोठा करण्यासाठी, १ ते २ नंबरच्या पिनमध्ये ३३ किलोओहम, आणि २ नंबरपासून ग्राउंडकडे १० किलोओहम व १ मायक्रोफॅरड एकापुढे एक. गेन ४.३ मिळेल. हा कपॅसिटर वगळलास तर साडेचार व्होल्टचा डीसीही ४.३ पट होऊ पाहील आणि आउटपुट वरच्या टोकाला चिकटून बसेल. इलेक्ट्रोलिटिक वापरलास तर धन टोक ऑप-अॅम्पकडे. इनपुटला मात्र फिल्म कपॅसिटरच घे. इलेक्ट्रोलिटिकमधून १ मायक्रोअँपिअर जरी गळला तरी १ मेगओहमवर पूर्ण १ व्होल्टचा फरक पडतो. सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्सही असाच गळती करतो, तो पुसून काढ.

बाकीचं थोडक्यात: सप्लायच्या ८ आणि ४ नंबरच्या पिनांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरड, जॅकपासून ग्राउंडला २.२ मेगओहम, म्हणजे केबल लावताना ठक्क होणार नाही. आउटपुटला १ मायक्रोफॅरड आणि त्यानंतर ग्राउंडला १०० किलोओहम. चिपचा दुसरा अर्धा भाग मोकळा सोडू नकोस: ५ नंबर संदर्भ व्होल्टेजला, ६ आणि ७ एकमेकांना.

मोजताना मल्टिमीटर ३ नंबरच्या पिनवर लावशील तर साडेचारऐवजी ४.१ दिसेल आणि तू घाबरशील. दहा मेगओहमचा मीटर स्वतःच त्या १ मेगओहममधून करंट ओढतो, म्हणून आकडा पडतो. १ नंबरच्या आउटपुट पिनवर मोज. तिथे बॅटरीच्या निम्मा व्होल्टेज आला की मगच गिटार जोड.