मॅगव्हील विकण्याआधी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: जुन्या ब्रिटिश आणि जर्मन गाड्यांसाठी ॲल्युमिनियमची हलकी चाकं, म्हणजे मॅगव्हील, विकतो. एका जाहिरातीत ‘मूळ मिनीसाठी, १० इंची, चार भोकं’ एवढंच लिहिलं होतं. गिऱ्हाइकाने चाकं बसवली, नटही नीट आवळले गेले. चारशे किलोमीटरच्या आत एका चाकाचे दोन स्टड (चाक ज्यांवर चढवून नट लावतात ते आटेदार दांडे) तुटले. ओतकामात खोट असेल का? (पुणे)

उत्तर: ओतकामाआधी पीसीडी तपासा, म्हणजे भोकांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. मूळ मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीचा पीसीडी ४ इंच, म्हणजे १०१.६ मिमी. बाजारात सर्रास मिळणारी चार भोकांची चाकं १०० मिमीची असतात. फरक १.६ मिमीचा, त्यामुळे प्रत्येक भोक जेमतेम ०.८ मिमी आत सरकलेलं. चाक स्टडवर चढतं, नट आवळला जातो आणि सगळं ठीक वाटतं. पण नटाचा निमुळता भाग भोकात चहूबाजूंनी न टेकता एकाच अंगाने टेकतो. स्टड वाकलेल्या अवस्थेत राहतो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्यावरचा ताण कमी-जास्त होतो आणि शेवटी तो थकून तुटतो. चाकं १०० मिमीची निघाली तर चारही परत घ्या, आणि न तुटलेले स्टडही बदलायला सांगा. ते वरून चांगले दिसले तरी भरवशाचे राहिलेले नाहीत.

चार भोकांच्या चाकात समोरासमोरच्या दोन भोकांपैकी एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत व्हर्नियर कॅलिपरने मोजा, तोच पीसीडी. केंद्र अंदाजाने धरू नका. पाच भोकांच्या चाकात शेजारच्या दोन भोकांचं अंतर याच रीतीने घेऊन १.७०१ ने गुणा. १२०.५ मिमी आलं तर पीसीडी २०५, म्हणजे फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलचं चाक. नंतरच्या बीटलला चार भोकं आणि १३० मिमी असतात, म्हणून गिऱ्हाइकाला गाडीचं साल विचारून भागत नाही, भोकं मोजायला सांगा. ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांपैकी नटांवर चाकं बसणाऱ्या एमजीबीचा पीसीडी ११४.३ मिमी, ट्रायम्फ स्पिटफायरचा ९५.२५. तारेच्या चाकांच्या एमजीबीला उभ्या खाचांचा (स्प्लाइनचा) हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, असतो, त्यावर यातलं काहीच थेट बसत नाही.

मिनीबाबत आणखी एक. १९८४ पासून तिला पुढे ८.४ इंची ब्रेक डिस्क आली. त्या डिस्कवरून १० इंची चाक जात नाही, १२ इंची लागतं. ‘मिनीसाठी’ एवढंच छापलं की हे चाक परत येणारच.

प्रश्न: चाकासोबत गाडीचे जुनेच नट वापरा असं सांगितलं तर चालेल का? (नाशिक)

उत्तर: बहुतेक वेळा नाही. लोखंडी रिमचा पत्रा पातळ असतो, अलॉयच्या (मिश्रधातूच्या) चाकाचा नटाखालचा भाग जाड. तोच नट लावला की स्टडचे आटे कमी धरले जातात. किमान स्टडच्या जाडीइतके आटे आत हवेत. मिनीचा स्टड ३/८ इंच यूएनएफ (बारीक आट्यांचं इंची माप), इंचाला २४ आटे, म्हणजे नट हाताने नऊ फेरे तरी फिरला पाहिजे. कमी भरले तर लांब स्टड द्या. शिवाय चाकाचं भोक निमुळतं आहे की सपाट वॉशरचं, ते पाहून त्याच जातीचे नट संचातच घाला. नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे आणि साधारण ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे, हे बिलावर मराठीत छापा.

प्रश्न: गिऱ्हाइकं ‘ऑफसेट किती?’ विचारतात. जुन्या चाकांवर आकडा नाही. (कोल्हापूर)

उत्तर: ऑफसेट म्हणजे हबला टेकणारं पृष्ठ चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती सरकलेलं आहे ते. चाक पालथं ठेवा, आतल्या कडेवर सरळ पट्टी आडवी धरा आणि तिथपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतची खोली मोजा. त्यातून चाकाच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा करा. उदाहरणार्थ खोली ८३ मिमी, एकूण रुंदी १५२, तर ८३ वजा ७६, ऑफसेट अधिक ७. हे चाक ‘५ इंची’ म्हणूनच विकलं जातं, कारण ५ इंच हे टायर बसतो त्या दोन कडांच्या आतलं माप आहे. इथेच पुष्कळ विक्रेते फसतात. ऑफसेट उणे गेला की टायर मडगार्डला घासतो, फार अधिक झाला की आत सस्पेन्शनला.

प्रश्न: गोदामात चार जुनी ‘मिनिलाइट’ चाकं आहेत, फारच हलकी. ॲल्युमिनियम म्हणून विकू का? (मुंबई)

उत्तर: थांबा. आपण सगळ्याच अलॉयला मॅगव्हील म्हणतो, पण १९६० च्या दशकातली मूळ मिनिलाइट खरोखरच मॅग्नेशियमची ओतीव चाकं होती. याच घाटाची आजची बहुतेक चाकं ॲल्युमिनियमची असतात. मॅग्नेशियम त्याच मापाच्या ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे एक तृतीयांश हलकं. आतल्या बाजूला न दिसणाऱ्या जागी रंग खरवडून उघड्या धातूवर पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम शांत राहतं. थेंब लगेच पुसून घ्या.

मॅग्नेशियम निघालं तर ग्राइंडर अजिबात लावू नका. त्याचा कीस पेटतो आणि त्यावर पाणी ओतलं तर आग भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवा. रंगाखाली धातू खात जातो आणि भेगा दिसत नाहीत, म्हणून रंग रसायनाने उतरवून डाय पेनेट्रंटची (भेगांत शिरून त्या दाखवणाऱ्या रंगाची) तपासणी करून घ्या. ती न करता ही चाकं ‘फक्त प्रदर्शनासाठी’ असं लेखी देऊनच विका.

प्रश्न: वाकलेली चाकं तापवून सरळ करून, पावडर कोटिंग करून विकली तर? (सांगली)

उत्तर: ज्योतीने तापवलेलं चाक रस्त्यासाठी विकू नका. ओतीव अलॉयची ताकद कारखान्यातल्या ठरावीक तापमानाच्या उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. ज्योत लागली की तेवढा भाग मऊ पडतो आणि पुढच्या खड्ड्यात तिथेच बसतो. कोटिंगची भट्टीही १८० ते २०० अंशांवर चालते, म्हणून कमी तापमानाची पावडर मागा आणि एकाच चाकाला वारंवार भट्टी दाखवू नका. नट टेकतो ती जागा आणि हबला टेकणारं पृष्ठ झाकून घ्या, तिथे रंगाचा थर राहिला की तो दबतो आणि नट सैल होतात. हवा हळूहळू जात असेल तर आधी टायर बसण्याच्या कडेवरचा पांढरा गंज घासून काढा, मग साबणाचं पाणी लावा. बुडबुडे धातूतूनच आले तर ते ओतकाम सच्छिद्र आहे, ते भंगारात द्या.

प्रश्न: व्हिंटेज नोंदणीच्या गाडीला अशी चाकं विकली तर अडचण? (ठाणे)

उत्तर: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात ठेवलेल्या आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल नसलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळते. चाकं नटांवरची, कधीही परत काढता येणारी. तरी नोंदणीच्या वेळी मूळ रिमच लावलेली असावीत असं आम्ही सुचवू. गिऱ्हाइकाला जुनी रिम आणि व्हीलकप भंगारात देऊ नका म्हणून बजावा. साध्या गाडीच्या मूळ रिमचा पूर्ण संच पुढे गाडी विकताना हमखास विचारला जातो.