पेठेला मोठं दुकान हवं, पण त्याला द्यायला जागा आहे का?

धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर इथल्या वाचकांची पत्रं या वेळी जवळजवळ एकाच विषयावर आली. जुन्या पेठेतली गिऱ्हाइकी ओसरली, नवी दुकानं महामार्गाकडे चालली, नावाजलेल्या कंपन्यांनी पेठेत यावं म्हणून काय करायचं? प्रत्येक पत्राला वेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारख्या प्रश्नांतून एकेक निवडला आहे.

प्रश्न : आग्रा रोडला लागून आमचा तीन भावांचा जुना वाडा आहे. दर्शनी ४२ फूट, खोली ९० फूट, खाली चार जुने भाडेकरू. कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीचे लोक जागा पाहून गेले, पुन्हा फोन आला नाही. काय कमी पडलं? (मिळकतदार, धुळे)

आधी आकडा मांडू. ४२ गुणिले ९० म्हणजे ३,७८० चौरस फूट. जिने, लिफ्ट, भिंती, सामासिक अंतरं (भूखंडाच्या कडेने मोकळी सोडायची जागा) वजा जाता एका मजल्यावर साधारण २,८०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापराची जागा, उरेल. रेडिमेड कपड्यांच्या साखळी दुकानांना सहसा ८ ते १० हजार चौरस फूट लागतं, तेही तळमजला आणि पहिला मजला मिळून. तुमचे दोन मजले ५,६०० ला थांबतात. पहिल्याच्या वरचा दुसरा मजलाही धरला तर आकडा पुरतो, पण लिफ्ट असली तरी तिथवर गिऱ्हाईक चढत नाही हे कंपनीला ठाऊक असतं. फोन न येण्याचं पहिलं कारण हेच असावं.

दुसरं कारण बांधकाम. वाड्याच्या लाकडी आढ्यांवर आणि मातीच्या भिंतींवर दुकानाचा भार टाकता येत नाही. किरकोळ विक्रीच्या दुकानाचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे ४०० किलो भार धरून करतात, राहत्या घराचा त्याच्या निम्म्यावर. म्हणून 'वरचं घर मोकळं करून देतो' हा प्रस्ताव टिकत नाही. दर्शनी ३० फुटांपेक्षा कमी नको, स्लॅबखालची उंची १२ फूट तरी हवी (खालून एसीचे डक्ट आणि आग विझवायचे पाण्याचे फवारे जातात), मधले खांब मोजकेच हवेत. तुमचं दर्शनी ४२ फूट आहे. ही मोठी जमेची बाजू, ती एकट्याने वाया घालवू नका. शेजारची मिळकत २०-२५ फुटांची असेल तर दोघांनी मिळून एकत्रीकरणाचा नकाशा नगररचना विभागात टाकावा. लहान भूखंडावर पार्किंगच अर्धा तळमजला खातं. भूखंड जोडले की तेच पार्किंग मागच्या बाजूला सरकतं आणि रस्त्याकडचा भाग विक्रीला मोकळा राहतो.

विजेचा हिशेब तर कुणी करतच नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ८ हजार चौरस फुटांना ५५ ते ६० टन एसी धरावा लागतो. त्याला ६५-७० किलोवॅट, दिव्यांना १२-१५, वर लिफ्ट आणि बिलिंगचे संगणक. ९० किलोवॅटच्या आसपास मागणी जाते. पेठेतलं जुनं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) एवढा भार बहुधा पेलत नाही. नव्या रोहित्राला जागा लागते आणि ती तुमच्याच आवारातून जाते, म्हणून नकाशातच दाखवा. जनित्राचंही तसंच. एसीची बाहेरची यंत्रं पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. दुपारी ४५ अंशांत ती उष्णता बाहेर टाकू शकत नाहीत, वारंवार बंद पडतात, आणि ऐन लग्नसराईत दुकान तापतं.

तिसरं, आणि बहुतेक वेळा खरं, कारण कागद. कंपनीचा वकील मिळकतीच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल मागतो. मिळकत पत्रिकेवर आजोबांचंच नाव, आत्यांचे हक्कसोडपत्र नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही, असं दिसलं की फाईल तिथेच मिटते आणि तसं कळवण्याची तसदीही कुणी घेत नाही. तेव्हा क्रम असा ठेवा : आधी नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद, मग बहिणी-आत्यांसह सगळ्या हक्कदारांची नोंदणीकृत संमती किंवा हक्कसोड, मग तिघा भावांपैकी एकाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र. चारही भाडेकरूंशी लेखी तडजोड याच टप्प्यात करा. नव्या इमारतीत मागच्या बाजूला २००-२०० चौरस फुटांचे गाळे देऊन पुष्कळ प्रकरणं मिटतात. वर्षानुवर्षं तिथे पोट भरलेल्या माणसाला रिकाम्या हाताने उठवू नये, आणि कोर्टात गेलेल्या जागेकडे कंपनी फिरकतही नाही.

हे सगळं होईपर्यंत वाडा रिकामा ठेवायची गरज नाही. औषधांच्या साखळी दुकानाला ६०० ते १,००० चौरस फूट पुरतात, चपला-बुटांच्या दुकानाला दीड ते अडीच हजार. मात्र बांधकाम तपासून घ्या.

प्रश्न : मोठी कंपनी एकदा आत आली की भाडेकरू कायद्याचा आधार घेऊन निघतच नाही, असं वडीलधारे सांगतात. ही भीती खरी आहे का? (मिळकतदार, अमळनेर)

जुन्या पागडीच्या अनुभवातून आलेली भीती आहे, तिला हसू नये. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ३(१)(ब) प्रमाणे भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी रुपये किंवा जास्त असलेल्या खासगी वा सार्वजनिक मर्यादित कंपनीला दिलेल्या जागेला हा कायदा लागूच होत नाही. मुदत संपली की करारातल्या अटींप्रमाणे जागा परत मागता येते. कंपनीचं भरणा भागभांडवल कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतं.

खाचखळगा पुढेच आहे. पाटीवर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पण करारावर सही फ्रँचायझी घेतलेल्या स्थानिक माणसाची असते. तेव्हा भाडेकरू तो माणूस, कंपनी नव्हे, आणि ही सूट मिळत नाही. करार कुणाशी होतोय हे पहिल्या पानावरच बघा.

बाकीच्या अटींपैकी तीन नीट वाचा. पहिली लॉक-इन, म्हणजे जागा सोडता येत नाही तो काळ. कंपनी सहसा ३ वर्षं बांधली जाते, मालक मात्र पूर्ण मुदतीला. तुमच्या कर्जाचे हप्ते ७ वर्षांचे असतील तर ३ वर्षांचं लॉक-इन तुम्हाला पुरत नाही, बँकेच्या आधी हे मोजा. दुसरी वाढ : दर ३ वर्षांनी १५ टक्के ही रूढ पद्धत. हिशेबापुरतं ८,००० फुटांना ४० रुपये दर धरला तर महिना ३,२०,००० रुपये, तीन वर्षांनी ३,६८,०००, सहा वर्षांनी ४,२३,२००. यात भाडं कार्पेटवर आहे की लोडिंग (जिने, भिंती, सामाईक जागेचा वाटा) धरून, हे करारात शब्दांत लिहून घ्या. तिसरी अट विक्रीतला हिस्सा. 'किमान भाडं किंवा विक्रीचे अमुक टक्के, जे जास्त असेल ते' अशी अट असली तर दर महिन्याचा विक्रीचा आकडा आणि जीएसटी विवरणपत्र पाहण्याचा हक्कही लिहून घ्या. नाहीतर टक्केवारी कागदावरच राहते.

मुद्रांकाचाही फरक मोठा पडतो. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के मुद्रांक लागतो. ९ वर्षांचा भाडेपट्टा केला तर मिळकतीच्या बाजारमूल्याच्या २५ टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने आकारणी होते, आणि मुदतवाढीची अट असेल तर तीही मुदतीत धरली जाते. हा खर्च कुणाचा, हे बोलणीच्या पहिल्याच बैठकीत ठरवा. व्यापारी जागेच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे. मालक नोंदणीकृत नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. भावांच्या नावे भाडं वेगवेगळं घ्यायचं की एकत्र, हे त्यामुळे करारापूर्वीच लेखापालाला विचारून ठरवावं.

प्रश्न : आमच्या व्यापारी मंडळाने पाच-सहा कंपन्यांना पत्रं पाठवली. 'आमच्या शहरात या' असं आवाहन केलं. एकाचंही उत्तर नाही. (व्यापारी मंडळाचे पदाधिकारी, जळगाव)

कंपनी शहराच्या निमंत्रणावर येत नाही, जागेच्या कागदावर येते. पत्रात जागाच नव्हती.

मंडळाने आधी पेठेतल्या किमान पाच जागांची प्रत्येकी एका पानाची माहिती करावी : दर्शनी, खोली, कार्पेट, उंची, रस्त्याची रुंदी, मालक किती, कागद कुठवर आलेत, मंजूर वीजभार, जागा कधी ताब्यात मिळेल. सोबत पायी वर्दळीची मोजणी. ती अशी करतात : तीन दिवस निवडायचे, एक साधा, एक बाजाराचा, एक रविवार. सकाळी ११ ते दुपारी १ आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळांत प्रत्येक तासातली १५ मिनिटं मोजायचं आणि चाराने गुणायचं. बायकांची संख्या वेगळी लिहायची, कारण कपड्यांच्या दुकानाची खरेदी त्याच ठरवतात. थांबलेल्या दुचाकी वेगळ्या. मे महिन्यात दुपारी मोजलं तर रस्ता ओस दिसेल. ती मोजणीही द्या, पण शेजारी संध्याकाळची ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात बाजार पाचनंतर जागा होतो हे पुण्या-मुंबईच्या माणसाला आपसूक कळत नाही.

लोकसंख्या सांगताना शहरापाशी थांबू नका. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४,६०,२२८ आणि धुळे ३,७५,५५९. पण जळगावची पेठ धरणगाव, एरंडोल, जामनेर, पाचोऱ्याच्या गिऱ्हाइकावरही चालते, धुळ्याची साक्री, शिंदखेड्याच्या. एसटी स्थानकापासून पेठ चालत किती मिनिटांवर आहे, ते लिहा. हंगामही लिहा : दसरा-दिवाळी सगळीकडे असते, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकींची खरेदी, पाठोपाठची लग्नसराई आणि कापूस विकल्यावर घरात येणारा पैसा हे खान्देशचं वेगळं वेळापत्रक आहे. कंपनी माल त्यावर पाठवते.

कुणाला गाठायचं तेही निवडा. डीमार्टसारखी कंपनी बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या घेते आणि तिला मोठं आवार लागतं, जुन्या पेठेत ते बसत नाही. तिच्यामागे वर्ष घालवू नका. कपडे, चपला, चष्मे, औषधं, घरगुती विद्युत उपकरणं यांच्या साखळ्यांना पेठ मानवते. पत्र मुख्य कार्यालयाला नको, जागा शोधणाऱ्या विभागाच्या पश्चिम भारताच्या प्रमुखाला जाऊ द्या. हेतुपत्रानंतर (जागा घेण्याची तयारी कळवणारं पत्र) कागद तपासणीला महिना-दीड महिना, सजावटीला दोन ते तीन महिने लागतात. दसऱ्याला दुकान उघडायचं तर जूनमध्ये करार झालेला हवा.

प्रश्न : मुख्य रस्ता वाहनांना कायमचा बंद केला तर पेठेचं रूप पालटेल का? (नागरिक, जळगाव)

घाई करू नका. अमेरिकेत कॅलमाझू शहराने १९५९ साली मुख्य बाजाररस्ता पादचारी केला, त्याचं पाहून कितीतरी गावांनी तसं केलं. पुढे दुकानं ओस पडू लागली आणि १९९८ साली कॅलमाझूनेही तिथे पुन्हा गाड्या सोडल्या. दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१ मध्ये सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी झाली. ते तग धरतं, कारण हाकेच्या अंतरावर मेट्रो आहे. आपलं गिऱ्हाईक दुचाकीवर येतं. गाडी लावायला जागा न देता रस्ता बंद केला तर ते थेट महामार्गाकडे वळेल.

संध्याकाळी ५ ते ९ चारचाकींना बंदी, दुचाकी २०० मीटरच्या आत लावायची सोय, मालाच्या गाड्या रात्री १० नंतर, एवढ्याने सुरुवात करा. धुळ्याला हे सोपं जाईल. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने नव्या धुळ्याचे रस्ते सरळ आणि रुंद आखले, त्यामुळे समांतर रस्त्याने वाहनं वळवता येतात. फेरीवाल्यांना उठवून मोकळा रस्ता दाखवायचा मोह होतो. तो टाळा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे स्थलांतराला ३० दिवसांची नोटीस लागते आणि विक्री क्षेत्रं नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने ठरतात. फेरीवाला जिथे बसतो तिथे वर्दळ असते. त्याला आखलेल्या पट्ट्यात जागा द्या, दुकानांची दर्शनी मोकळी राहू द्या.

आणि बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, रात्री ९ पर्यंत उघडं स्वच्छतागृह. दर ३०० मीटरला एक. हे नसेल तर बाहेरगावहून आलेली बाई दोन तासांत परतीची एसटी धरते. महामार्गावरच्या दुकानात ती थांबते, त्याचं अर्धं कारण हे आहे. ही सोय आधी व्हायला हवी, बाकी सुशोभीकरण नंतर.

प्रश्न : मालमत्ता करात सूट दिली तर कंपन्या येतील का? (नगरसेवक)

नाही. ८ हजार फुटांच्या दुकानाचं भाडं आणि वीजबिल यांच्यापुढे तो कर किरकोळ असतो. तो पैसा पार्किंग आणि स्वच्छतागृहांवर लावा. पालिकेच्या संकुलांतले करार संपलेले गाळे असतील तर त्यांचा निकाल आधी लावा. चार-चार बंद गाळे भिंती काढून एकत्र देता आले, तर पेठेत मोठी जागा तयार करण्याचा तो स्वस्त मार्ग आहे.

प्रश्न : शेजारी मोठं दुकान आलं तर माझ्या लहान दुकानाचं काय? (रेडिमेड कपड्यांचे दुकानदार, भुसावळ)

तुम्ही ३०० ते ८०० रुपयांचे तयार शर्ट-टॉप विकत असाल तर फटका बसेल, तो लपवण्यात अर्थ नाही. त्या मालात दराने टक्कर देऊ नका. लग्नाचे कपडे, शाळेचे गणवेश, नऊवारी आणि काष्टा, मापाने बदल करून देणं, ओळखीवर उधारी, हे साखळी दुकान करत नाही. त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक तुमच्या दारावरून जाईल. ते थांबावं म्हणून दुकान त्यांच्या वेळेला उघडं हवं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षाचे ३६५ दिवस दुकान उघडं ठेवता येतं, कामगाराला मात्र आठवड्याची सुटी पाळीने द्यावी लागते. पेठेचा जुना साप्ताहिक बंद पाळायचा की नाही, हे मंडळाने मोठं दुकान यायच्या आधीच ठरवावं. त्यांचं शटर वर आणि आपली सगळी ओळ बंद, असं पहिल्याच आठवड्यात घडलं तर गिऱ्हाइकाची वाट तिकडेच पडते.