वाचक विचारतात: जुनं पुणं पायी

प्रश्न : फर्ग्युसनला प्रवेश मिळालाय. एका सकाळी जुनं पुणं कसं पाहू?

उत्तर : सुरुवात जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरापासून करा. अखंड कातळात कोरलेलं लेणं आणि गोल नंदीमंडप. कोवळ्या उन्हात छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. मग ‘नवा पूल’ (म्हणजे शिवाजी पूल) ओलांडून शनिवारवाडा. १८२८च्या आगीत आतला लाकडी वाडा जळाला, म्हणून आत फक्त जोती आणि कारंजी उरलीत. महाल शोधणाऱ्यांची तिथेच निराशा होते. खरा ऐवज दिल्ली दरवाजा : हत्तींनी धडक मारू नये म्हणून फळ्यांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे आणि माणसापुरती दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार. शेजारचा लालमहाल मात्र विसाव्या शतकातलं बांधकाम. शिवकालीन समजू नका. शेवटी विश्रामबागवाडा, त्याचं कोरीव लाकडी दर्शनी अंग रस्त्यापलीकडूनच बघा.