पुस्तकात जागोजागी भेटणारा फिशर एकच का? कोण होता तो?

तुम्ही विचारलंय की सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पुस्तकात फिशर हे नाव सारखं येतं, तर हा एकच माणूस आहे का, आणि त्याच्याबद्दल काही सांगता येईल का.

बहुतेक ठिकाणी एकच. फिशर प्रोजेक्शन (रेणूची रचना कागदावर काढायची रीत), फिशर इंडोल सिंथेसिस आणि फिशर एस्टरिफिकेशन (नवे पदार्थ बनवायच्या दोन अभिक्रिया) ही सगळी एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची. पण मी औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे, आणि आमच्याकडे दिवसभर 'केएफ लावलं का रे?' चालतं, तो कार्ल फिशर वेगळा. नमुन्यातलं पाणी मोजायची त्याची पद्धत 1935 ची. कोळशापासून इंधन बनवायच्या फिशर-ट्रॉप्श पद्धतीतला फ्रान्झ वेगळा, रक्तातल्या लाल रंगद्रव्यावर, हिमिनवर, काम करणारा हान्सही वेगळा. जर्मनमध्ये फिशर म्हणजे कोळी. आपल्याकडे कोळी आडनावाची माणसं गावोगाव सापडतात, तसंच.

एमिल 1852 चा, बॉनजवळच्या ऑयस्किर्शेनचा. वडील व्यापारी. त्यांनी पोराला नातेवाइकाच्या लाकडाच्या धंद्यात बसवून पाहिलं, पण त्याचं लक्ष हिशेबात लागेना. 'हा धंद्याच्या कामाचा नाही, शिकू दे' म्हणत वडिलांनी हात टेकले, असा किस्सा आहे. बॉनला केकुले या रसायनशास्त्रज्ञाच्या तासांना बसूनही त्याचा ओढा भौतिकशास्त्राकडेच होता. ओटो नावाच्या चुलतभावाने त्याला स्ट्रासबुर्गला रसायनाचे प्राध्यापक बायर यांच्याकडे नेलं आणि तिथे तो रसायनात रमला. 1874 मध्ये डॉक्टरेट, आणि 1875 मध्ये, वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी, हाती लागलं फेनिलहायड्राझिन हे नवं रसायन. माझ्या मते फिशरचं अर्धं चरित्र या एका द्रव्यात आहे.

कारण साखरा. शुद्ध पदार्थ ओळखायचा तर त्याचे स्फटिक हवेत, आणि साखरा स्फटिक धरायला तयार नसत. प्रयोगाच्या शेवटी भांड्यात काकवीसारखं चिकट काहीतरी उरायचं. त्यात नेमकं काय आहे ते कसं सांगणार? फेनिलहायड्राझिनबरोबर उकळलं की मात्र त्याच साखरेचे छान पिवळे स्फटिक बसतात. ते ओसाझोन.

हे मी स्वतः केलंय. बीएस्सीच्या परीक्षेत मला एक अनोळखी साखर मिळाली होती. फेनिलहायड्राझिन हायड्रोक्लोराइड आणि सोडियम अ‍ॅसिटेट घालून परीक्षानळी उकळत्या पाण्यात धरली. थोड्याच वेळात पिवळा गाळ आला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खराट्याच्या काड्यांसारख्या सुया, मोळी बांधल्यागत. मी ऐटीत 'ग्लुकोज' लिहून मोकळा झालो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "फ्रुक्टोज कशावरून नाही?" माझी दांडी गुल. ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि मॅनोज या तिघांचं ओसाझोन एकच येतं. फ्रुक्टोज ओळखायला सेलिवानॉफ टेस्टसारखी वेगळी चाचणी लागते, आणि ती मी केलीच नव्हती.

जिथे माझे मार्क गेले, तिथेच फिशरला धागा सापडला. ओसाझोन होताना साखरेच्या पहिल्या दोन कार्बनांवरचा फरक पुसला जातो. मग तिघांचं ओसाझोन एकच येतंय याचा अर्थ खालचे चार कार्बन तिघांत सारखे! अशी एकेक खूण जोडत त्याने 1891 मध्ये ग्लुकोजची रचना मांडली. ग्लुकोज ज्या गटातलं, त्या सहा कार्बनी अल्डोज साखरेचे 16 प्रकार संभवतात, त्यातला नेमका हा कोणता, हे क्ष-किरण नाहीत, कसलं यंत्र नाही, अशा काळात नुसत्या तर्काने. त्याने आठवणींत लिहिलंय की इटलीत बोर्डिगेराला सुट्टीवर असताना त्याने यातलं एक कोडं बायरला घातलं. बायरने लगेच दात कोरायच्या काड्या आणि पावाच्या गोळ्या घेऊन कार्बनची मॉडेलं केली, आणि थोड्या वेळाने नाद सोडला. फिशरने ते पुढे जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गला, जिथे तो तेव्हा प्राध्यापक होता, सोडवलं.

एक गोष्ट मात्र तर्काने सुटण्यासारखी नव्हती. रचना आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब, यातलं खरं कोणतं? इथे त्याने सरळ छापा-काटा केला. एक बाजू खरी धरली आणि पुढे गेला.

याच सुमाराला फेनिलहायड्राझिनने वसुली केली. वर्षानुवर्षं त्याची वाफ नाकातोंडात गेलेली. 1891 मध्ये विषबाधेने पोट बिघडलं ते नीट व्हायला फार काळ गेला. आज आमच्याकडे असलं द्रव्य फ्यूम हूडबाहेर, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर, उघडलं तर सेफ्टीवाला धावत येईल.

बाकीचं भराभर सांगतो, नाहीतर उत्तराचा ग्रंथ होईल. 1892 पासून तो बर्लिनला. युरिक अ‍ॅसिड आणि चहा-कॉफीतलं कॅफीन एकाच घराण्यातली, हे त्याने दाखवलं. त्या घराण्याचं 'प्युरीन' हे नाव त्याचंच. एन्झाइम आणि त्याच्या पदार्थाला कुलूप-किल्लीची उपमा 1894 ची. साखरा आणि प्युरीनसाठी 1902 चं नोबेल. गुरू बायरला ते 1905 मध्ये, शिष्यानंतर तीन वर्षांनी! पुढे तो प्रथिनांकडे वळला आणि 1907 पर्यंत 18 अमिनो आम्लांची साखळी त्याने जोडली.

शेवट वाईट झाला. पत्नी अ‍ॅग्नेस 1895 मध्येच गेली होती. 1914 मध्ये, पहिल्या महायुद्धात, जर्मनीची बाजू घेणाऱ्या 93 विद्वानांच्या पत्रकावर त्याचीही सही होती, आणि त्याच युद्धाच्या काळात तीनपैकी दोन मुलगे गेले. स्वतःला कर्करोग. 15 जुलै 1919 ला बर्लिनमध्ये तो वारला. त्याने स्वतःच जीवन संपवलं असं अनेक जण मानतात.

उरलेला मुलगा हर्मान, तोही साखरांचाच रसायनशास्त्रज्ञ, पुढे टोरांटोला आणि मग अमेरिकेत बर्कलीला गेला. 1951 मध्ये नेदरलँड्सच्या बेवूटने क्ष-किरणांनी टार्टारिक आम्लाच्या क्षाराची खरी ठेवण शोधून काढली, त्यावरून साखरांची बाजूही ठरली. बापाने धरलेला छापा बरोबर निघाला, हे कळलं तेव्हा हर्मान बर्कलीत काम करत होता.