कथेवर पाच जणांची पाच मतं आली, आता काय ठेवायचं आणि काय काढायचं?

तुम्ही लिहिलंय की दिवाळी अंकाला पाठवायची कथा पाच जणांना वाचायला दिली. दोघं म्हणाले आजोबांचं पात्र काढून टाका, एकीला नेमके आजोबाच आवडले, शेवटाबद्दल कुणाचं कुणाशी जुळत नाही, आणि आता तुम्हाला फाइल उघडावीशीही वाटत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी एक कथा अशीच सहा आठवडे पडून होती. तेव्हा काय काय केलं ते सविस्तर सांगते, त्यात चुकलेला एक निर्णयही आहे.

मी इंदूरची. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्य कार्यालय आमच्या शहरात, त्यामुळे खरगोन, बडवानी, झाबुआकडची मुलं भंवरकुआं भागात क्लाससाठी येऊन राहतात आणि त्यांच्या जेवणाचे डबे कितीतरी घरांतून जातात. माझी कथा अशाच डबे देणाऱ्या एका काकूंची. एक मुलगा तीन महिन्यांचे पैसे थकवून डबा न्यायला येईनासा होतो आणि काकू त्याच्या खोलीवर जातात. पहिल्या खर्ड्यात खोली रिकामी होती, डबा धुऊन ठेवलेला होता, आत पैसे आणि एक चिठ्ठी. तिथे कथा संपत होती.

वाचायला दिली ती पुण्याच्या मावसबहिणीला, ऑफिसातल्या मैत्रिणीला, माझ्या जुन्या मराठीच्या सरांना, परीक्षेची तयारी केलेल्या भाच्याला आणि जिच्यावरून कथा सुचली त्या शेजारच्या काकूंना. काकूंना मी वाचून दाखवली, बाकीच्यांना छापील प्रत दिली आणि सांगितलं की वाचताना जिथे कागद खाली ठेवावासा वाटेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. मतं नंतर ऐकली. चौघांपैकी तिघांची रेघ एकाच जागी होती, दुसऱ्या पानाच्या शेवटी. कारणं मात्र तीन होती. मावसबहीण म्हणाली भाषा जड झाली, सर म्हणाले काकूंचा स्वभाव कळत नाही, मैत्रीण म्हणाली शेजारणीशी एखादं भांडण घाल म्हणजे रंगत येईल. तिघांचे उपाय ऐकले असते तर तीन वेगळ्या कथा झाल्या असत्या. रेघ मात्र एकच होती, म्हणून मी रेघेवर विश्वास ठेवला.

त्या दोन पानांत काय होतं? पोहे. रविवारची सकाळ, खाली पाणी उकळतंय, वर वाफेवर पोह्यांची परात, शेव, जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमच्याकडचा मसाला, कोथिंबीर. ते लिहावंसं वाटलं म्हणून तर मी लिहायला बसले होते. पण कथा डब्याची होती आणि डबा पहिल्यांदा दिसत होता तिसऱ्या पानावर. हे काढताना मला खरंच त्रास झाला. ज्या मजकुरामुळे कथा सुरू झाली तो कथेला लागतोच असं नाही, हे मान्य करायला मला दहा दिवस लागले. दोन पानांतलं एक वाक्य उरलं: डब्याच्या झाकणाला कितीही घासलं तरी जीरावनचा वास राहतो. बाकीचं ‘काढलेलं’ नावाच्या फाइलमध्ये ठेवलं. अशी फाइल कराच, कारण मजकूर कुठेतरी शाबूत आहे हे माहीत असलं की कात्री चालवायला हात कचरत नाही.

भाच्याची सूचना सगळ्यात सोपी होती. तो म्हणाला, “मावशी, तीन महिने उधारीवर कोण डबा देतं? दुसऱ्या महिन्यातच बंद होतो.” जो ते जगलाय तो असं म्हणाला तर वाद घालायचा नसतो. काकूंनी डबा का चालू ठेवला हे मला सांगावंच लागणार होतं, आणि ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. (वस्तुस्थितीच्या चुका आधी दुरुस्त करा. बरेच मोठे प्रश्न त्यातच सुटतात.)

आता चुकलेला निर्णय. कथा काकूंची मुलगी सांगते. चौघांनी विचारलं, ही मुलगी कशाला? काही करत तर नाही. एवढे सगळे म्हणतायत म्हटल्यावर मी अख्खी कथा तृतीयपुरुषी करून लिहिली, अकरा संध्याकाळी बसून. वाक्यं सुबक झाली आणि कथा मेली. काकू नुसत्या एक भल्या बाई झाल्या. मुलगी सांगत होती तेव्हा त्यात एक चिडचीड होती, आई पैसे मागत नाही म्हणून मलाही मागता येत नाहीत अशी, आणि त्या चिडीमुळेच काकूंचा चांगुलपणा खरा वाटत होता. मी मुलीला परत आणलं. पण चौघांची तक्रार खोटी नव्हती, मुलगी खरोखर काही करत नव्हती. म्हणून हिशेबाची वही तिच्या हाती दिली. मुलाच्या नावापुढे ती रोज एक काट मारते, आई पाहते आणि काही बोलत नाही. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तरही त्या वहीतच सापडलं: डबा बंद करायचा तर वहीत त्या मुलाच्या नावाखाली रेघ ओढावी लागते, आणि ती कोण ओढणार यावर मायलेकींत अबोला आहे. अकरा संध्याकाळी वाचवायच्या असत्या तर मी आधी एकच पान नव्या पद्धतीने लिहून पाहायला हवं होतं. एका पानातच कळलं असतं.

भाषेचा प्रश्न तुम्हाला कदाचित नसेल, पण आम्हा महाराष्ट्राबाहेरच्यांना तो प्रत्येक कथेत असतो. मावसबहिणीने बावीस वाक्यांखाली लाल रेघा मारल्या होत्या. “माझ्याशी नाही होणार हे”, “त्याच्याशी विचार”, “बाजारात मला जोशीबाई मिळाल्या”. तिचं म्हणणं, मराठीत जोशीबाई भेटतात, मिळत नाहीत. बरोबर आहे. पण इंदुरात काकूंना त्या मिळतात; त्यांच्या तोंडी पुण्याचं मराठी घातलं तर काकू पुण्याला जातील. मी बावीस वाक्यं दोन गटांत वाटली. संवादातली तशीच ठेवली. निवेदनातली सात निघाली; ती मुलगी मराठीत एम. ए. झालेली दाखवली होती, म्हणजे ती वाक्यं तिची नव्हतीच, माझ्या सवयीने आली होती. ती बदलली. एक वाक्य अडलं होतं: “नळ आले!” मावसबहिणीला वाटलं नळ विकत आणले. आमच्याकडे नर्मदेचं पाणी बऱ्याच भागांत एक दिवसाआड येतं आणि ते आलं की घराघरांतून हीच हाक ऐकू येते. खाली टीप देणार होते, मग दिली नाही. काकू बोलता बोलता उठतात आणि बादली घेऊन मोरीकडे धावतात, एवढं वाढवलं.

सगळ्यात अवघड निर्णय शेजारच्या काकूंमुळे घ्यावा लागला. पूर्ण ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “छान लिहिलंस गं. पण मी पैसे मागायला कुणाच्या खोलीवर जाणार नाही.” माझ्या कथेत काकू आणि घरमालक यांचा पैशांवरून जिन्यात वाद होता, दीड पानाचा, आणि तो प्रसंग बाकी चौघांनाही आवडला होता. सरांनी तर समासात ‘उत्तम’ लिहिलं होतं. कथा काल्पनिक आहे, पात्र माझं आहे, असं मी स्वतःला आठवडाभर सांगत राहिले. पण काकूंनी तक्रार केली नव्हती, त्यांनी मला त्यांचा स्वभाव सांगितला होता. मग त्या जातील तर कशाला जातील? डबा परत आणायला. चार खणांचा स्टीलचा डबा, त्यावर कोरलेलं नाव, लग्नातला. हे सुचलं आणि जिन्यातला वाद आपोआप गळून पडला. चौघांना आवडलेला प्रसंग एका बाईच्या एका वाक्यावर काढला, आणि आजही वाटतं की त्या कथेतला सगळ्यात योग्य निर्णय तोच होता.

आणि शेवट. चिठ्ठी वाचून मैत्रीण रडली होती. सरांच्या मते चिठ्ठी म्हणजे लेखिका आत शिरून बोलतेय. दोघांचं एकदम खरं कसं असेल, याचा विचार करताना मला रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराची हकीकत फार उपयोगी पडली. गॉर्डन लिश या संपादकाने त्याच्या एका संग्रहातला निम्म्याहून जास्त मजकूर कापला. १९८० च्या जुलैत कार्व्हरने त्याला पत्र लिहून पुस्तक थांबवण्याची विनंती केली, तरी १९८१ साली ते कापलेल्या रूपात आलं आणि गाजलं. त्यातल्या एका कथेत अपघात झालेल्या मुलाचे आईबाप आणि केकवाला आहे. कापलेली कथा टेलिफोन वाजतो तिथे तुटते. १९८३ साली कार्व्हरने तीच कथा आपल्या नंतरच्या एका संग्रहात मोठ्या रूपात छापली; तिच्यात मूल जातं आणि केकवाला त्या दोघांना बसवतो आणि गरम पाव खायला देतो. कापलेलं जास्त कलात्मक असं पुष्कळजण म्हणतात. मी दोन्ही वाचल्या आहेत आणि मला पाववालीच मोठी वाटते. तिथे भावना उतू जात नाही, कारण पाव काही बोलत नाही. माझ्या चिठ्ठीचा दोष तेवढाच होता, ती बोलत होती.

म्हणून चिठ्ठी काढली, पैसेही काढले आणि डब्याकडे पाहत बसले. कथेत आता मुलीची वही होती, वहीत रोजच्या काटा होत्या. मग काकू डबा घरी आणून उपडा करतात तेव्हा तळाला, त्यांच्या कोरलेल्या नावाखाली, करकटकाच्या टोकाने ओढलेल्या बारीक रेघा दिसतात. मुलगी वही आणून मोजते, दोन रेघा जास्त निघतात. एवढंच. मैत्रीण या वेळी रडली नाही, तिने विचारलं, “दोन जास्त कशा?” मी ते कथेत सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

आता तुमचे आजोबा. दोघं म्हणतायत काढा आणि एक म्हणतेय ठेवा, यावर मतदान नको. मूळ फाइल जपून ठेवून एक प्रत आजोबांशिवाय तयार करा. त्यांच्या जागी दुसरं काही भरू नका, फक्त त्यांची वाक्यं काढा आणि सांधे जुळवा. ती प्रत ज्याने पहिली वाचलेलीच नाही अशा कुणाला तरी छापून द्या आणि हातात पेन्सिल द्या. वाचून झाल्यावर तुम्ही काही विचारू नका. तो माणूस आपणहून म्हणाला की घरात अजून कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं, किंवा आजोबा जिथे बसायचे तिथेच त्याची रेघ पडली, तर त्यांना परत घरात घ्या.