वाचकांचे प्रश्न : फोटो प्रिंटर आणि शाईचा हिशेब

प्रश्न : मुलीच्या लग्नाचे सुमारे चारशे फोटो घरीच छापून अल्बम करावा, असा विचार आहे. दुकानदार शाईची टाकी असलेला सहा रंगांचा प्रिंटर सुचवतो. कार्ट्रिजचा प्रिंटर त्याहून बराच स्वस्त मिळतो. कोणता घ्यावा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : प्रिंटरचे पैसे एकदाच द्यावे लागतात, शाईचे मात्र तो घरात असेपर्यंत. त्यामुळे दुकानात प्रिंटरआधी दोन्हींच्या शाईचे खोके मागून घ्यावेत, त्यांवर छापलेले मिलिलिटर पाहावेत आणि किमतीला त्या आकड्याने भागावे. एप्सनच्या एल८०५० या टाकीच्या प्रिंटरला सहा बाटल्या लागतात आणि प्रत्येकीत ७० मिलिलिटर शाई असते. घरगुती प्रिंटरच्या लहान कार्ट्रिजमध्ये ती पुष्कळदा दहा मिलिलिटरही नसते. खोक्यावरच्या ‘इतकी पाने निघतील’ या आकड्यावर विसंबू नये. तो साधारणपणे कार्यालयीन कागदपत्रांचे नमुने छापून काढलेला असतो आणि अशा पानाचा बराचसा भाग कोराच राहतो, तर फोटोत कोरी जागा जवळजवळ नसतेच. फोटोंसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे २९१०३ क्रमांकाचे वेगळे नमुने आहेत. त्यांवरून काढलेला ४ बाय ६ इंची फोटोंचा आकडा कंपनीने दिला असेल, तर तोच धरावा. टाकीच्या प्रिंटरमध्ये पहिल्या भरणीतली काही शाई नळ्या भरण्यातच जाते, हेही हिशेबात घ्यावे.

सहा रंगांबद्दल दुकानदाराचे म्हणणे रास्त आहे. चार रंगांच्या प्रिंटरला नवरीच्या गालावरची फिकट छटा दाखवण्यासाठी गडद मॅजेंटा (किरमिजी) शाईचे विरळ ठिपके टाकावे लागतात आणि जवळून पाहिल्यास ते रव्यासारखे दिसतात. फिकट सायन (निळसर) आणि फिकट मॅजेंटा या दोन जादा शाया असल्या की त्याच जागी ठिपके दाट पडतात व त्वचा आणि आकाश नितळ उतरते. कॅननच्या जी५७० मध्येही सहाच शाया आहेत, पण त्यांत लाल आणि राखाडी यांचा समावेश आहे. जुने कृष्णधवल फोटो पुन्हा छापणाऱ्यांना राखाडी शाईचा चांगला उपयोग होतो.

एवढे सांगूनही आपल्याला प्रिंटर घेऊ नका, असेच सुचवावेसे वाटते. हे चारशे फोटो छापून झाल्यावर दर आठवड्याला आपण काय छापणार, या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे असेल, तर अल्बम गावातल्या चांगल्या लॅबमधून करून घ्यावा. शाईचे थेंब उडवून छापणारा असा इंकजेट प्रिंटर न वापरता ठेवला तर त्याचे काय होते, ते पुढच्या पत्रात दिसेल.

प्रश्न : प्रिंटर एप्रिलपासून तीन महिने बंद होता. आता प्रत्येक फोटोवर पांढऱ्या आडव्या रेषा येतात. हेड क्लीनिंग सहा वेळा केले, शाई खूप उतरली, पण रेषा तशाच आहेत. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सातव्यांदा क्लीनिंग करू नये. प्रिंटहेडची, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाची, छिद्रे केसाहूनही बारीक असतात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात त्यांच्या तोंडाशी शाई सुकून बसली असणार. क्लीनिंगमध्ये प्रिंटर टाकीतली शाई याच छिद्रांतून ओढून घेतो आणि तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये टाकून देतो. आपली उतरलेली शाई तिथेच गेली आहे. पॅड भरल्याची नोंद झाली की प्रिंटर कामच थांबवतो. नव्या मॉडेलांपैकी काहींत हे पॅड डबीसारखे घरी बदलता येते, इतरांत सर्व्हिस सेंटर गाठावे लागते.

आता साध्या कागदावर ‘नोझल चेक’ छापावा. पायऱ्यांसारख्या बारीक रेघांचा नमुना येईल. ज्या रंगात पायऱ्या तुटलेल्या दिसतील, तेवढीच छिद्रे बंद आहेत. प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच ठेवावा, म्हणजे सुकलेला थर ताज्या शाईने थोडा मऊ होतो. सकाळी एकदाच क्लीनिंग करून पुन्हा नमुना काढावा. तुटलेल्या पायऱ्या कमी झाल्या असतील तर हाच क्रम आणखी एखाद-दोन रात्री चालवावा. काहीच फरक नसेल तर तंत्रज्ञाला दाखवावे. इंजेक्शनच्या सुईने किंवा गरम पाण्याने हेड साफ करण्याचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. ज्यांचे हेड प्रिंटरमध्येच कायमचे बसवलेले असते, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक विचारावेसे वाटते : आपण प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करता का? प्रिंटरचे स्वतःचे बटण दाबले की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसते आणि छिद्रांची तोंडे झाकली जातात. छपाई चालू असताना भिंतीवरचे बटण बंद केले किंवा लोडशेडिंगने वीज गेली, तर हेड वाटेतच उघडे राहते. वीज परत आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून रीतसर बंद करावा. आठवड्यातून एक लहानसा रंगीत फोटो छापत राहणे सर्वांत स्वस्त पडते.

प्रश्न : कार्ट्रिज रिकामे झाल्याचे प्रिंटर सांगतो, पण हलवल्यावर आत शाई जाणवते. ही फसवणूक नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सर्वस्वी नाही. उष्णतेवर चालणाऱ्या हेडमध्ये शाईला क्षणभर तापवून बुडबुडा तयार करतात आणि तो थेंब बाहेर ढकलतो. हेड थंड ठेवण्याचे कामही शाईच करते. ती संपल्यावर छपाई चालू राहिली तर तापणारे घटक जळतात, म्हणून थोडी शाई शिल्लक ठेवणे भाग असते. ती किती ठेवावी हे मात्र कंपनीच ठरवते, आणि तिथे आपल्या शंकेला जागा आहे.

प्रश्न : वडिलांचा घरी छापलेला फोटो दोन वर्षांत तांबूस झाला. त्याच दिवशी छापलेली प्रत अल्बममध्ये जशीच्या तशी आहे. असे का? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : भिंतीवरचा फोटो काचेशिवाय लावलेला असावा. बहुतेक घरगुती फोटो प्रिंटरांत डाय शाई असते, म्हणजे रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो. लगेच वाळणाऱ्या चकचकीत कागदाचा थर सच्छिद्र असतो आणि त्यातून हवेतला ओझोन थेट रंगापर्यंत पोहोचतो. त्याचा पहिला घाला बहुधा सायनवर पडतो, आणि निळसर अंश गेला की चेहरा तांबूस दिसू लागतो. अल्बममधल्या प्रतीला हवा लागली नाही, उजेडही लागला नाही, म्हणून ती टिकली.

नवी प्रत छापून पूर्ण एक दिवस वाळू द्यावी आणि मगच काचेच्या चौकटीत, उन्हापासून दूर लावावी. घाईने काच लावल्यास तिच्यावर आतून धुरकट थर धरतो. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असल्याने ती या बाबतीत पुष्कळ टिकाऊ असते. पण कॅनन प्रो-३०० किंवा एप्सन पी७०० यांसारखे दहा कार्ट्रिजचे प्रिंटर एका फोटोसाठी घेणे व्यवहार्य नाही. पिगमेंटवर छापून देणारा स्टुडिओ शोधावा.

प्रश्न : पासपोर्ट फोटोंचा व्यवसाय आहे. दुसऱ्या कंपनीची स्वस्त शाई टाकीत भरावी का? (एक स्टुडिओचालक, बार्शी)

उत्तर : ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो अर्जावर चिकटवण्यापुरते लागतात, तेव्हा टिकाऊपणाचा मुद्दा आपल्याला फारसा लागू नाही. रंगांचा मात्र लागू आहे. अशी शाई आम्हीही एकदा भरली होती. पहिल्याच पानावर आठही चेहरे कावीळ झाल्यासारखे आले. प्रिंटरचे रंगांचे गणित मूळ शाईवर बेतलेले असते, त्यामुळे शाई बदलली तर त्या शाईची आणि आपल्या कागदाची रंगप्रोफाइल, म्हणजे रंग जुळवणारी फाइल, करून घ्यावी लागते. पुरवठादार ती देत असेल, हमीकाळ संपलेला असेल आणि शाई डायच्या जागी डायच असेल, तर प्रयोग करायला हरकत नाही. जुनी शाई टाकीत असताना वर नवी ओतू नये, आणि ज्या प्रिंटरवर लग्नाच्या ऑर्डरी छापता, तो या प्रयोगासाठी वापरू नये.